अकरा महिन्यांचे अमरत्व

कल्याण जंक्शन सोडून कसाऱ्याच्या दिशेने निघालेली लोकल ज्या पहिल्या स्थानकावर थांबते ते शहाड होय. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, बिर्ला मंदिर या नावाने ओळखले जाणारे विठ्ठलाचे देऊळ आणि उल्हास नदीचे पाणी उचलून ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदरपर्यंत पोचवणारी ‘स्टेम’ ही यंत्रणा, जिचे नाव शहाड आणि टेमघर या दोन ठिकाणांवरून पडले आहे, ही या गावाची सर्वमान्य वैशिष्ट्ये मानली जातात. गावाचा काही भाग कल्याण-डोंबिवली महापालिकेत आणि काही भाग उल्हासनगर महापालिकेत मोडतो, तर घर भाड्याने द्यावयाचे झाल्यास जाहिरातीपुरता तो सगळाच्या सगळा ‘कल्याण पश्चिम’मध्ये मोडतो. याखेरीज आणखी एक वैशिष्ट्य आहे, जे शहाडला ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या साऱ्या उपनगरांशी जोडते, परंतु ज्याची दखल अभ्यासकांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. ते असे की, येथील असंख्य कुटुंबांच्या वास्तव्याचा कायदेशीर आधार दर अकरा महिन्यांनी संपुष्टात येतो, आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दाराच्या कडीला तीच दुधाची पिशवी लटकलेली आढळते.

या घटनेचे आकलन होण्यासाठी प्रथम ‘लिव्ह अँड लायसन्स’ ही संकल्पना समजून घेणे आवश्यक आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ यातील भाडेपट्ट्यामुळे भाडेकरूला त्या जागेत काही एक हक्क प्राप्त होतो. त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मधील लायसन्स मात्र निव्वळ परवानगी असते, म्हणजे जी कृती परवानगीअभावी बेकायदेशीर ठरली असती ती दुसऱ्याच्या जागेत करू देण्याची मुभा, आणि तिच्यातून जागेवर कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. या व्याख्येचा काटेकोर अर्थ लावल्यास शहाडच्या एखाद्या वन बीएचकेमध्ये चार माणसांचे जेवणखाण, मुलांचा अभ्यास, दुपारची झोप आणि दीड दिवसाचा गणपती ही सारी कृत्ये मूलतः अतिक्रमणाच्या स्वरूपाची असून, केवळ मालकाच्या उदारतेमुळे आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत पोचणाऱ्या रकमेमुळे ती निर्दोष ठरतात. त्यामुळे व्यवहारात ज्याला सर्वजण भाडेकरू म्हणतात, तो दस्तात लायसेन्सी असतो आणि त्याने दिलेले भाडे हे भाडे नसून लायसन्स फी असते. प्रस्तुत करारामुळे भाडेकरूचे कोणतेही हक्क निर्माण होत नाहीत, असे त्या दस्तात इतक्या वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले असते की एकदा लिहिल्यावर लिहिणाऱ्याचा स्वतःवरच विश्वास बसला नसावा, अशी शंका येते.

अकरा या आकड्याचा इतिहास त्याहून उद्बोधक आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ याच्या कलम १७ नुसार वर्षानुवर्षे चालणारा किंवा एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे. नोंदणीचा खर्च आणि हेलपाटे टाळण्यासाठी करार वर्षाच्या आत आटोपावा, ही युक्ती त्यातून निघाली. तो अकरा महिने आणि एकोणतीस दिवसांचा का करू नये, हा प्रश्न तर्कशुद्ध असला तरी गैरलागू आहे, कारण या भागात सावधगिरी दिवसांत मोजत नाहीत, महिन्यांत मोजतात. पुढे १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने प्रमाण भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० हा दिवस आधारभूत धरला. भाडे त्या काळात गोठले, भाडेकरूचा हक्क वारसांकडे जाऊ लागला, आणि मालकाच्या हाती घराचे नाव, घरपट्टी व गळक्या छताची तक्रार एवढेच उरले. या बंधनातून सुटण्यासाठी मालकांनी भाडे शब्द टाकून लायसन्सचा आश्रय घेतला, तेव्हा विधिमंडळाने १९७३ साली त्या कायद्यात कलम १५-अ घातले आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्या व्यक्तींना भाडेकरू मानले. कायद्याच्या दृष्टीने पाहिल्यास, ३१ जानेवारीच्या रात्री परवानगीने झोपलेला माणूस १ फेब्रुवारीच्या सकाळी हक्काने उठला.

त्या एका सकाळची धास्ती घरमालक नावाच्या वर्गाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ज्या मालकाचा जन्म १९७३ नंतर झाला, ज्याने आपली सदनिका गृहकर्जावर घेतली आणि ज्याला कलम १५-अ चा क्रमांकही ठाऊक नाही, तोसुद्धा “जास्त दिवस ठेवला की बसतो” हे वाक्य अगदी अनुभवसिद्ध स्वरात उच्चारतो. ‘बसतो’ या क्रियापदाचा कर्ता भाडेकरू असतो. तो उभा राहून भाडे देत असेपर्यंत सज्जन समजला जातो.

वास्तविक ही भीती बाळगण्याचे कारण उरलेले नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा धरला जातो आणि अडून बसणाऱ्यावर लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईची जबाबदारी येते. कलम ५५ ने तर अकरा महिन्यांच्या युक्तीचा पायाच काढून घेतला. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, करार नोंदलेला नसल्यास अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते अन्यथा सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरले जाते, आणि कसूर करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे ज्या नोंदणीला चुकवण्यासाठी बारावा महिना कापला होता, ती नोंदणी अकरा महिन्यांनाही लागू झाली. बारावा महिना मात्र परत आला नाही. मुद्रांक कायद्याच्या अनुसूचीतील अनुच्छेद ३६-अ साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्स कराराला एकच दर लावतो, महापालिका हद्दीत नोंदणी फीही मुदतीगणिक न वाढता एक हजार रुपयेच राहते, तेव्हा पाच वर्षांचा करार एकदाच करून सर्वांना साठ महिने शांतपणे झोपता यावे. परंतु शहाडमध्ये पाच वर्षांचा करार सुचवणाऱ्या भाडेकरूकडे मालक ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेपुढे अनुच्छेद ३६-अ टिकत नाही.

येथे आपोआप नूतनीकरणाच्या कलमाचा विचार प्रस्तुत ठरतो. अशा कलमाचा अर्थ असा की, ठरावीक मुदतीपूर्वी कोणत्याही पक्षाने नकार कळवला नाही तर करार आहे त्याच अटींवर पुढे चालू राहील. अमेरिकेत या कलमाने इतक्या भाडेकरूंना गाफील गाठले की न्यूयॉर्क राज्याने त्याला वेसण घातली. तेथे भाडेकरूने नकार कळवण्याची जी मुदत असेल, तिच्या किमान पंधरा आणि जास्तीत जास्त तीस दिवस आधी मालकाने या कलमाची लेखी आठवण करून दिली नसेल तर ते कलम भाडेकरूवर चालवता येत नाही. भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ११६ याच्या जवळ जाते. भाडेपट्टा संपल्यावरही भाडेकरू राहिला आणि मालकाने भाडे स्वीकारले, तर एरवी काही ठरलेले नसल्यास भाडेपट्टा मूळ प्रयोजनानुसार महिन्यामहिन्याने वा वर्षावर्षाने पुढे चालू झाला असे समजतात. लायसेन्सीला हा लाभ नाही, कारण तो भाडेपट्टेदारच नाही, आणि त्याच्या करारात मुदत संपताच घर रिकामे करण्याची स्पष्ट अट असते. तात्पर्य, येथे नूतनीकरण कराराने होत नाही आणि कायद्यानेही होत नाही. ते एजंटाने होते.

एजंट हा या व्यवहारातील एकमेव पक्ष असा आहे की ज्याच्या स्मरणशक्तीला मुदत नाही. मालक पावसाळ्यात गळती विसरतो, भाडेकरू दिवाळीत वीजबिल विसरतो, परंतु दहावा महिना लागला की एजंटाचा फोन दोन्हीकडे जातो. मालकाला तो सांगतो, “काका, पार्टी चांगली आहे, वेळेवर देते, सोडू नका.” भाडेकरूला तो सांगतो, “दादा, मालक दुसरी पार्टी बघत होते, मीच थांबवलं.” ही दोन्ही विधाने एकाच दुकानातून, एकाच खुर्चीवरून, बहुधा एकाच चहाच्या अवधीत केली जातात आणि दोन्हींमुळे समोरचा माणूस कृतज्ञ होतो. तिसरे विधान भाडेवाढीचे असते. ही वाढ बहुधा दहा टक्के सांगितली जाते, आणि ती कोणी ठरवली याचा शोध घेऊ गेल्यास मालक ‘सगळीकडे तेच चाललंय’ म्हणून एजंटाकडे, आणि एजंट ‘मालकांचं म्हणणं आहे’ म्हणून मालकाकडे बोट दाखवतो. १९९९ च्या कायद्याने जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली आहे, पण ती भाडेकरूंसाठी, आणि शहाडचा लायसेन्सी भाडेकरू नसल्याचे त्याने स्वतःच सही करून कबूल केलेले असते.

यानंतरचा विधी पूर्वी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, रांगेत आणि घामात पार पडे. आता तो ऑनलाइन नोंदणीमुळे दिवाणखान्यात होतो. एजंटाचा मुलगा लॅपटॉप, वेब कॅमेरा आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन येतो, सोफ्यावर मालक, खुर्चीवर भाडेकरू आणि दारात दोन साक्षीदार अशी बैठक जमते. छायाचित्र एका क्षणाचे असले तरी त्यासाठी मालकाला तीनदा सरळ बसवावे लागते आणि शेवटी उमटणाऱ्या चेहऱ्यावरून घर देणारा कोण आणि घेणारा कोण हे ओळखता येत नाही, दोघेही सारखेच संशयित दिसतात. खरी कसोटी अंगठ्याची असते. कारखान्यात तीस-पस्तीस वर्षे राबून निवृत्त झालेल्या आणि फंडाच्या पैशांतून एक जादा खोली घेऊन ठेवलेल्या मालकाच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत. मग “काका, रुमालाला पुसा”, “जरा केसांवरून फिरवा”, “दाबू नका, नुसता ठेवा” अशा सूचना सुरू होतात, काकू आतून कोमट पाण्याची वाटी आणतात, आणि ज्या माणसाच्या मालकीविषयी कोणालाही शंका नाही, त्याची ओळख त्याच्याच घरात पाचव्या प्रयत्नाला पटते. आपण या पक्षकारांना व्यक्तिशः ओळखतो, असे नमूद करून साक्षीदारही अंगठा देतात आणि बाहेर पडताना एजंटाच्या मुलाला विचारतात, “यातले मालक कुठले?” करार कोणी वाचत नाही. नावाचे स्पेलिंग आणि भाड्याचा आकडा पाहिला जातो, उरलेली पाने मागच्या अकरा महिन्यांचीच असतात, क्वचित मागच्या भाडेकरूच्या वडिलांच्या नावासकट.

मुदतीहून अधिक गहन विषय अनामत रकमेचा, म्हणजेच डिपॉझिटचा आहे. अनामत म्हणजे जागेचे नुकसान किंवा थकबाकी यांची हमी म्हणून भाडेकरूने मालकाकडे बिनव्याजी ठेवलेली आणि ताबा परत करतेवेळी परत मिळावयाची रक्कम. तिची स्थिती स्त्रीधनासारखी आहे: मालकी एकीची, कपाट दुसऱ्याचे, आणि हिशेब विचारला की सगळ्यांचे चेहरे पडतात. बंगळुरात दहा-दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेण्याची रीत दीर्घकाळ चालत आली आहे. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात तिला समांतर असा ‘हेवी डिपॉझिट’ नावाचा प्रकार रुजला, ज्यात भाडेकरू काही लाख रुपये एकदम देतो आणि भाडे नाममात्र किंवा शून्य असते. मालकाला बिनव्याजी भांडवल मिळते, भाडेकरूला भाडे वाचल्यासारखे वाटते, आणि मधल्या काळात ती रक्कम मालकाच्या मुलीच्या लग्नात, गृहकर्जाच्या हप्त्यात किंवा दुसऱ्या सदनिकेच्या बुकिंगमध्ये विरघळते.

भाडे शून्य दाखवल्यास मुद्रांक शुल्कही शून्य व्हावे, ही पळवाट शासनाच्या लक्षात आली, म्हणून अनुच्छेद ३६-अ ने परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के दराने व्याज धरून ते भाड्यात मिळवण्याची आणि एकूण बेरजेवर पाव टक्का शुल्क घेण्याची पद्धत घातली. उदाहरणादाखल, महिना १०,००० रुपये भाडे आणि ५०,००० रुपये अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या करारात भाड्याचे १,१०,००० रुपये आणि मानीव व्याजाचे सुमारे ४,५८३ रुपये मिळून १,१४,५८३ रुपये होतात आणि त्यावरील शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास बसते. शुल्काची रक्कम क्षुल्लक असली तरी तिच्यामागील कल्पना भव्य आहे. भाडेकरूला आपल्या अनामतीवर एक पैसाही व्याज मिळत नाही, मालक ते दिल्याचे स्वप्नातही पाहत नाही, पण शासनाच्या हिशेबात तीच रक्कम साध्या बचत खात्याला लाजवील अशा दराने वाढत असते. अनामतीला दहा टक्के व्याज मिळण्याचे महाराष्ट्रातील हे बहुधा एकमेव ठिकाण असावे, आणि तेथेही ते कोणालाच मिळत नाही.

अनामतीचे खरे स्वरूप प्रकट होते ते ती परत करण्याच्या दिवशी. खाली टेम्पो उभा असतो, त्यात गादी, कपाट आणि तुळशीची कुंडी चढलेली असते, टेम्पोवाला ‘वेटिंग’ लागेल असे दर दहा मिनिटांनी सांगत असतो, आणि वर रिकाम्या खोलीत मालक भिंतींचे परीक्षण करीत असतो. नैसर्गिक झीज, म्हणजे वापराने आपोआप होणारी झिजतूट, भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे तत्त्व बहुतेक करारांत असते. परंतु निसर्ग कोठे संपतो आणि भाडेकरू कोठे सुरू होतो, हे करारात नसते. कॅलेंडरचा एक खिळा नैसर्गिक मानला जातो, टीव्हीचे चार स्क्रू वादग्रस्त ठरतात आणि खिडकीखाली रंगीत खडूने काढलेली आगगाडी हा पुरावा समजला जातो. वरच्या मजल्यावरच्या मोरीतून उतरलेली ओल दोन भाडेकरूंपूर्वीपासून असते, पण मालकाच्या आठवणीत ती भिंत कोरडीच असते. नळाची गळती, एक्झॉस्ट पंख्याची जाळी, गिझरचा गंज यांची बेरीज होता होता शेवटी ‘रंगाचे पैसे’ या शीर्षकाखाली सारे मिटते. रंगाचे पैसे म्हणजे बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी अशी रक्कम, जी घर रंगवले तरी कापली जाते आणि न रंगवले तरी कापली जाते.

आधी चावी की आधी पैसे, हा पेच यानंतर येतो. करारात दोन्ही एकाच वेळी व्हावे असे लिहिलेले असते, आणि प्रत्यक्षात मालक म्हणतो, “नवीन पार्टी आली की देतो.” या उत्तरात संपूर्ण अर्थव्यवस्था सामावलेली आहे. जाणाऱ्याची अनामत येणाऱ्याच्या अनामतीतून फेडली जाते, त्याची त्याच्या नंतरच्याच्या अनामतीतून, आणि अशा रीतीने पहिल्या भाडेकरूचे जे पैसे केव्हाच खर्च झाले त्यांची पोकळी एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे सुपूर्द होत राहते. मोठी घरे असतात तेथे हीच साखळी ‘हेवी’ होते आणि एक दुवा उशिरा आला की टेम्पो दोन दिवस उभा राहतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने राहत्या घरासाठी अनामतीवर दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे, परंतु असा आदर्श राज्याने आपला कायदा केल्याशिवाय कोणालाही बांधत नाही आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात लायसन्सच्या अनामतीला अशी मर्यादा घातलेली नाही.

गृहनिर्माण संस्थेची, म्हणजे सोसायटीची, भूमिका यात छोटी असली तरी दुर्लक्षून चालणार नाही. सभासदाने आपली सदनिका भाड्याने दिली की सोसायटी त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेते, म्हणजे तो स्वतः राहत नाही याबद्दलचे शुल्क. एकेकाळी समित्यांनी हे शुल्क मनाला येईल तसे आकारल्यामुळे राज्य शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरते मर्यादित केले. लिफ्ट तितकीच चढते, पाणी तितकेच चढते किंवा चढत नाही, पण सभासदाची अनुपस्थिती दहा टक्क्यांना पडते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी लागते. तो कोठून आला, कोठे काम करतो, कोण ओळखतो, हे सारे तेथे विचारले जाते. मालक कोणाची अनामत किती दिवस अडवतो, याचा रकाना मात्र कोणत्याही नमुन्यात नाही.

हे सर्व ध्यानात घेता एक निष्कर्ष टाळता येत नाही. शहाडच्या करारांत आपोआप नूतनीकरणाचे कलम नसते असे म्हणणे अपुरे आहे. अशी एक गोष्ट तेथे आहे जिची मुदत कधीच संपत नाही, आणि ती म्हणजे अकरा हा आकडाच होय. १९०८ च्या नोंदणीतून सुटण्यासाठी तो जन्माला आला, १९७३ च्या धास्तीने तो पक्का झाला, आणि २००० साली त्याचे प्रयोजन संपले तरी त्याला कोणी नोटीस दिली नाही, कारण त्याला घालवण्यात कोणाचेच हित नव्हते. मालकाला त्यात सुटकेचा आभास मिळतो, एजंटाला दर अकरा महिन्यांनी दलाली मिळते, शासनाला शुल्क मिळते, आणि भाडेकरूला पुढच्या अकरा महिन्यांसाठी तेच घर मिळते, जे त्याला साठ महिन्यांसाठीही त्याच कायद्यान्वये मिळू शकले असते. त्या आकड्याला मुद्रांक लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत, अंगठा लागत नाही आणि त्याच्यावर दहा टक्के वाढही मागता येत नाही. मालकाला ज्या ‘बसण्या’ची भीती होती, त्या अर्थाने या घरांत कोणी खरोखर बसले असेल तर ते तो आकडाच, आणि त्याला बाहेर काढण्यासाठी अद्याप कोणीही सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केलेला नाही.